‘सगळं नियंत्रणात आहे’ हे कोणी म्हणायचं?

बोईसरमध्ये ‘रिअॅक्टर’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एमआयडीसीतल्या कामगाराच्या तोंडी तो रसायनं एकत्र शिजवण्याचा बंद हंडा असतो. समुद्राच्या दिशेने पुढे गेलं की तारापूर अणुऊर्जा केंद्राचं कुंपण लागतं, तिथे तोच शब्द अणुभट्टीसाठी वापरतात. दोन्हींची विद्या वेगळी, धोका मात्र एका जातीचा. आत उष्णता तयार होते आणि ती ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने बाहेर काढावी लागते. ती वाट बंद झाली की यंत्र चालवणाऱ्याचं ऐकेनासं होतं.

दोन्हीकडच्या जाणकारांकडून या पट्ट्याने कित्येक दशकं एकच वाक्य ऐकलं आहे: सगळं नियंत्रणात आहे. माझा वाद या वाक्याशी आहे. विज्ञानाशी नाही, विजेशी नाही, कारखान्यांशीही नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पडेल आवाजात नव्हे. तारापूरची पहिली दोन युनिटं २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीज देऊ लागली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने ती उभारून दिली. १९७४च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनासाठी हात आखडता घेतला, सुटे भाग मिळेनात, तरी आपल्या अभियंत्यांनी ती चालवून दाखवली. २००५ आणि २००६ मध्ये शेजारीच ५४० मेगावॅटची दोन देशी युनिटं उभी राहिली. एवढ्या वर्षांत चेर्नोबिलसारखं काही इथे घडलं नाही. देशात नियामक मंडळ आहे, जिल्ह्याकडे आपत्कालीन आराखडा आहे. मग ज्यांना अणूचं विभाजन म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्या भीतीला किती किंमत द्यायची? या बाजूची माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यातली पुष्कळ माणसं आयुष्यभर प्रामाणिकपणे राबलेली आहेत.

आता पहिला मुद्दा, इतक्या वर्षांच्या अनुभवाचा. जपानमधल्या फुकुशिमाचं पहिलं युनिटसुद्धा जनरल इलेक्ट्रिकच्याच उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या कुळातलं. ते २६ मार्च १९७१ला सुरू झालं, म्हणजे तारापूरहून दीड वर्षाने धाकटं. ११ मार्च २०११ला त्याची चाळिशी भरायला पंधरा दिवस उरले होते. आदल्या दिवशी, १० मार्चला, तिथल्या शास्त्रज्ञांकडेही जवळजवळ चाळीस वर्षांचा अनुभव जमा होता. त्सुनामीची लाट पावणेसहा मीटरच्या आसपास येईल असा त्यांचा हिशेब होता. आली ती चौदा मीटरच्या घरातली. ‘अजून झालं नाही’ आणि ‘होणार नाही’ यांच्यामधलं अंतर किती, हे त्या एका दुपारी जगाने पाहिलं.

तिथे घडलं काय, हे प्रत्येक बोईसरकराने समजून घ्यावं असं आहे. भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद झाल्या. विभाजन थांबलं, उष्णता थांबली नाही. अणुभट्टी बंद केल्याक्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता किरणोत्सारी अवशेषांतून येतच राहते. ती हळूहळू उतरते, पण कोणत्याही बटणाने थांबत नाही. हजार मेगावॅट उष्णता देणारी भट्टी बंद केली, तरी पहिल्या क्षणी साठ-सत्तर मेगावॅट आत शिल्लक राहतात. त्यासाठी पाणी फिरवावं लागतं, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज. फुकुशिमात बाहेरची वीज भूकंपाने गेली आणि डिझेल जनित्रं समुद्राच्या पाण्याखाली गेली. भट्टी बंद होती आणि ताब्यात नव्हती.

त्या आठवड्यात आपल्याकडे काय बोललं गेलं? अणुवीज महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एस. के. जैन यांनी सांगितलं की हा अणुअपघात नाहीच, नीट आखलेला आपत्कालीन कार्यक्रम चालला आहे. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी यांनी तिथली घटना निव्वळ रासायनिक अभिक्रिया ठरवली. तोवर फुकुशिमाच्या इमारतींची छपरं उडालेली जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती. महिनाभरात, १२ एप्रिलला, जपानने त्या घटनेला आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची सर्वांत वरची, सातवी पायरी दिली. पुढे आपल्याच तज्ज्ञ समित्यांनी देशातल्या केंद्रांची तपासणी केली आणि सुधारणा सुचवल्या: भट्टीत बाहेरून पाणी सोडण्यासाठी जोडण्या, वीज गेल्यावरची जादा सोय, तारापूरच्या जुन्या युनिटांच्या आवरणात नायट्रोजन भरणं. ही कामं चांगलीच झाली. पण निर्वाळा आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम विज्ञानाचा नव्हे. जैन आणि बॅनर्जी दोघेही आपल्या विषयातले मोठे जाणकार होते, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. ज्ञान कमी पडलं नव्हतं. समोरचं दृश्य पाहण्याआधीच उत्तर तयार होतं.

हा दोष लहान माणसांचा नाही. होमी भाभांसारखा द्रष्टा १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत म्हणाला होता की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या काबूत येईल. सत्तर वर्षं झाली, त्या ऊर्जेवरची वीज अजून कोणाच्या घरात पोचलेली नाही. भाभांची थोरवी याने उणी होत नाही. पण भाभा चुकू शकतात, तर आज सही करणारा अधिकारी कसा चुकणार नाही?

एमआयडीसीकडे वळू. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत अभिक्रिया गुणाने होते, कारण चंबू लहान असतो आणि उष्णता त्याच्या भिंतीतून पटकन निघून जाते. तीच अभिक्रिया हजारो लिटरच्या हंड्यात नेली की आतला ऐवज घनाच्या हिशेबाने वाढतो आणि भिंत फक्त वर्गाच्या. तापमान चढलं की अभिक्रियेचा वेग पटींनी वाढतो, थंडावा मात्र सरळ रेषेतच वाढतो. हे दोन वेग एकमेकांना ओलांडतात तो क्षण चंबूत दिसत नाही. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी कोळवड्याच्या हद्दीतल्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जीव गेले. त्याच्या आधीही बोईसरने ब्लास्ट पाहिले, नंतरही पाहिले. अशा कारखान्यांत चालणाऱ्या नायट्रेशनसारख्या अभिक्रियांचं रसायनशास्त्र पुस्तकात शंभर वर्षांहून जुनं आहे. ज्ञान असणं आणि ताबा असणं या दोन गोष्टी आहेत.

‘सामान्य माणसाला कळत नाही’ या मुद्द्याला उत्तर नवापूरच्या किनाऱ्याने दिलं आहे. कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध होऊनच समुद्रात जातं, असं कागद म्हणत होते. जाळं ओढणारा मांगेला मच्छीमार म्हणत होता की खाडीत मासळी मरते आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१८च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं आणि २०२२ साली लवादाने शंभरावर कारखान्यांवर भरपाईचा आदेश काढला. कोणाला कळत होतं आणि कोणाला कळत नव्हतं? मच्छीमाराकडे मोजमापाचं यंत्र नव्हतं, पण तो रोज तिथे होता.

राहिलं नियामक मंडळ. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला जबाबदार ठेवलं गेलं, त्याचे अध्यक्षच अणुऊर्जा खात्याचे सचिव. ज्याने भट्ट्या चालवायच्या, त्याच्याच हाताखाली तपासनीस. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ साली, सुरक्षेच्या शंभरहून अधिक त्रुटींची यादी तयार झाली. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे सोपवल्या. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा तारापूरचा प्रकल्प त्याच केंद्राचा. २०१२ साली कॅगने मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं. हे आंदोलकांचं पत्रक नव्हे, सरकारच्याच लेखापरीक्षकाचा अहवाल आहे.

मग माझं म्हणणं काय? भट्ट्या बंद करा, असं नाही. मुंबईच्या रुग्णालयांत कर्करोगावरचे काही उपचारही किरणोत्सर्गानेच होतात. ताबा हा यंत्राचा गुण नसतो. तो रोज सिद्ध करून दाखवावा लागतो, आणि ज्याने यंत्र बांधलं त्याच्यापुढे नाही, तर ज्याला त्याच्याकडून पगार, बढती किंवा माल मिळत नाही अशा माणसापुढे.

हे अशक्य म्हणणाऱ्याने तारापूरहून थोडं उत्तरेला यावं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा या प्राधिकरणाने आग्रह धरला. कंपनीने वर्षानुवर्षं टाळलं, प्राधिकरण मागे हटलं नाही, आणि २००७ साली यंत्रणा चालू झाली. केंद्र बंद पडलं नाही, वीज चालू राहिली, चिकूच्या वाड्यांवरची हवा सुधारली. बाहेरच्या डोळ्याने तंत्रज्ञान अडवलं नाही, सुधारलं.

ताबा रोज सिद्ध करावा लागतो याचा दुसरा पुरावा ३१ मार्च १९९३चा, उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सगळं केंद्र सतरा तास विजेविना राहिलं. कर्मचारी धुरातून टॉर्चच्या उजेडात वर चढले, हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. भट्टी बंद आहे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. मला हवा असलेला वैज्ञानिक तो आहे. शंका हीच त्याची हत्यारपेटी.

अणुकेंद्राभोवती सोळा किलोमीटरचा आपत्कालीन नियोजनाचा पट्टा असतो. आपल्याकडे त्या पट्ट्याच्या आतच बोईसर येतं, चिंचणी येते, आणि सगळी एमआयडीसीही येते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, धुंदलवाडीकडची माणसं तंबूत झोपली. १९६४ साली तारापूरचा करार झाला, तेव्हा हे धक्के कोणाच्याच हिशेबात नव्हते. अणुकेंद्राचा हिशेब एक खातं करतं, कारखान्यांचा दुसरं, भूकंपाचा तिसरं. तिन्ही संकटं एका रात्री आली तर कोणता रस्ता मोकळा असेल?

पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी याच केंद्रासाठी घरं सोडली, त्यांना तरी हे विचारण्याचा हक्क नक्कीच आहे. तुम्हालाही आहे. पुढच्या ग्रामसभेत चार प्रश्न मांडा. सायरन वाजल्यावर आमच्या पाड्याने कोणत्या रस्त्याने निघायचं? आयोडीनच्या गोळ्या कोणाकडे ठेवल्या आहेत? रात्रपाळीत, कारखाने चालू असताना सराव कधी झाला? सुरक्षेचे अहवाल मराठीत कधी मिळणार? उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या, आणि खाली सही मागा.