पोलीस ठाण्याखालचे प्रेत आणि प्रेक्षकांच्या टाळ्या

काही महिन्यांपूर्वी युवक कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात कायदा आणि सामान्य माणूस या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांनी भिंतीवर चादर लावून ‘दृश्यम’ हा हिंदी चित्रपट दाखवला. मी तो २०१५ साली चित्रपटगृहात पाहिला होता, आणि त्या मुलांपैकी बहुतेकांनीही तो दोन-तीनदा पाहिलेला होता. तरीही शेवटच्या प्रसंगाला सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. रहस्यपटातील शेवटचा धक्का हा एकदाच बसायचा असतो. तो ठाऊक असतानाही टाळी पडत असेल, तर ती धक्क्याला पडलेली नाही हे उघड आहे. मग ती कशाला पडली? दुसऱ्या दिवशीचे माझे टिपण बाजूला ठेवून मी याच प्रश्नावर बोललो. त्या बोलण्यात जे सुचले आणि नंतर जे खुपत राहिले, ते येथे मांडतो.

रहस्यकथेचा शेवट सांगू नये असा संकेत आहे. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याच्या प्रयोगानंतर गुन्हेगार कोण हे बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रेक्षकांना करण्याचा प्रघात पडला. ‘दृश्यम’च्या बाबतीत मी हा संकेत मोडणार आहे. शेवट सांगितल्याशिवाय टाळ्यांचा अर्थ लावता येत नाही, आणि तसेही ज्याने अद्याप हा चित्रपट पाहिलेला नाही असा वाचक आता दुर्मिळच असावा.

मूळ कथा जीतू जोसेफ या मल्याळी दिग्दर्शकाची. २०१३ च्या डिसेंबरात मल्याळम ‘दृश्यम’ आला, मोहनलाल त्याचे नायक होते. पाठोपाठ कन्नड, तेलुगू आणि तमिळ अवतार निघाले. २०१५ साली निशिकांत कामत यांनी हिंदी चित्रपट केला आणि कथा गोव्यात आणली. तिथला विजय साळगावकर हा केबलचा धंदा करणारा, चौथीत शाळा सुटलेला, रात्र रात्र कचेरीत बसून सिनेमे पाहणारा गृहस्थ. त्याच्या थोरल्या मुलीचे स्नान करतानाचे चित्रण एक तरुण चोरून करतो आणि त्या बळावर तिला नाडू पाहतो. झटापटीत तो मुलीच्या हातून मरतो. हा तरुण पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा एकुलता मुलगा असतो. विजय प्रेत दडवतो, मोटार पाण्यात ढकलतो, आणि २ व ३ ऑक्टोबरला आपले कुटुंब पणजीला सत्संगाला गेले होते असा देखावा इतक्या कुशलतेने उभा करतो की खरे बोलणारे साक्षीदारही त्याचीच साक्ष देतात. पोलीस सगळ्या कुटुंबाला मारहाण करतात, धाकट्या लहान मुलीलासुद्धा. अखेर अंगणात खणतात तेव्हा जनावराचा सांगाडा निघतो. आणि शेवटच्या क्षणी आपल्याला, फक्त आपल्याला, कळते की खरे प्रेत बांधकाम चालू असलेल्या नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली आहे. त्याच ठाण्यात सही करून विजय बाहेर पडतो.

(गांधीजींच्या जन्मदिवशी रचलेली ही खोटी साक्ष लोकांना इतकी आवडली आहे की दरवर्षी २ ऑक्टोबरला सत्संगाचे आणि पावभाजीचे विनोद एकमेकांना पाठवले जातात. सत्याच्या प्रयोगकर्त्याने यावर काय म्हटले असते, याचा विचार करण्याचे धाडस मला होत नाही.)

आता टाळ्यांकडे वळू. माझ्या वयाच्या मित्रांचे निदान तयार असते: प्रेक्षकाची नीतिमत्ता ढासळली, गुन्हेगार सुटला की लोकांना आनंद होतो. मला हे निदान उथळ वाटते. हाच प्रेक्षक एखाद्या सावकाराने किंवा गुंडाने प्रेत दडवले असते तर टाळ्या वाजवता ना. शिवाय त्या रात्री मी नीट लक्ष देऊन पाहिले. चौकशीच्या खोलीत गायतोंडे नावाचा पोलीस अधिकारी लहान मुलीवर हात उचलतो, तेव्हा खोलीतील एकाही मुलाने “असे कुठे असते का?” असे म्हटले नाही. चौथी शिकलेला माणूस सगळ्या पोलीस खात्याची स्मृती फिरवू शकतो, या अशक्य गोष्टीवर मुले हसत होती, वाद घालत होती. पण ठाण्यातील मारहाण मात्र त्यांनी पुराव्याशिवाय मान्य केली. सगळ्या कथेत प्रेक्षकाला संपूर्णपणे खरी वाटलेली गोष्ट ती एवढीच. शेवटची टाळी त्या विश्वासातून येते.

आणि हा विश्वास हवेतून आलेला नाही. १९७२ साली आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर जे गुदरले, ते जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. कोठडीतील छळाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली नियम घालून दिले, पोलीस सुधारणांचे आदेश २००६ मध्ये दिले, ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश २०२० मध्ये दिला. तेच न्यायालय चोवीस वर्षांत पुनःपुन्हा तेच बजावते, याचा अर्थ प्रेक्षकालाही कळतो; त्याला त्यासाठी निकालपत्रे वाचावी लागत नाहीत.

परंतु एवढ्यावर थांबून या टाळ्यांना ‘जनतेचा कौल’ म्हणून डोक्यावर घेणेही मला मान्य नाही. अभ्यासवर्गातील एका हुशार तरुणाने तसे म्हटलेच. “सर, हा प्रस्थापितांविरुद्धचा विद्रोह आहे,” तो म्हणाला. मी त्याला माझ्या विषयातील एका ग्रंथाची गोष्ट सांगितली. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचा आरंभ नायजेरियातील रेल्वेच्या अनुभवातून झाला. रेल्वे इतकी गैरसोयीची होती तरी सुधारत का नव्हती? त्याचे उत्तर असे की ज्यांचा माल मोलाचा आणि ज्यांचा आवाज मोठा, ते ट्रककडे वळले. तक्रार करू शकणारेच निघून गेले, आणि रेल्वे होती तशीच राहिली. विजय साळगावकर हा असा निघून गेलेला माणूस आहे. ठाणे सुधारावे म्हणून तो काही करत नाही. स्वतःच्या कुटुंबापुरता न्याय तो खासगीत निर्माण करतो. विहिरीला पंप बसवणारा घरमालक नगरपालिकेच्या नळाची चिंता सोडून देतो, तसेच हे. गावात दुसऱ्या कोणाची मुलगी उद्या त्या खोलीत नेली गेली तर तिच्या बापाने काय करावे? त्याने इतके सिनेमे पाहिलेले नाहीत.

निशिकांत कामत यांचाच २००५ सालचा मराठी ‘डोंबिवली फास्ट’ येथे आठवतो. त्यातील माधव आपटे हा बँकेतला साधा नोकरदार. भ्रष्टाचार असह्य होऊन तो रस्त्यावर उतरतो, हाणामारी करतो आणि शेवटी जिवानिशी जातो. त्याचाही मार्ग एकट्याचाच, चुकीचाच; पण त्याचा संताप सार्वजनिक होता, रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी होता. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा नायक संतापत नाही, बोलत नाही, मरत नाही. तो फक्त पुढची चाल आधी ओळखतो. प्रेक्षकाने आपट्यांसाठी हळहळ व्यक्त केली आणि साळगावकरसाठी टाळ्या वाजवल्या. मला यात त्या दहा वर्षांतला आपला, म्हणजे चळवळींचाही, पराभव दिसतो. आपण लोकांना तिसरा कोणता मार्ग दाखवू शकलो?

आणखी एक गोष्ट खटकते. प्रेक्षकांचा सगळा राग गायतोंडेवर एकवटतो. जमाव त्याच्यावर धावून जातो तेव्हा शिट्ट्या वाजतात. मारहाण मात्र चालली होती ती महानिरीक्षकांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या संमतीने. तरी खालच्या हाताला मार मिळतो आणि वरच्या हाताला, ती आई आहे म्हणून, अश्रू मिळतात. उतरंडीच्या तळाशी असलेल्याला बळी देऊन उतरंड शाबूत ठेवण्याची ही पद्धत आपल्याला कारखान्यांत आणि कचेऱ्यांत चांगली परिचयाची आहे.

२०१९ साली या कथेचा चिनी अवतार निघाला. तिथे कथा थायलंडमधील चिनी कुटुंबाची केली, आणि शेवट बदलला. नायक अखेरीस पोलिसांच्या स्वाधीन होतो. गुन्हेगार पडद्यावर सुटता कामा नये, अशी शिस्त असलेल्या राज्यव्यवस्थेला साजेसाच हा शेवट आहे. आपला शेवट तसा नाही याचा मला आनंद आहे. लोकांचा अविश्वास पडद्यावर दिसू देणारा समाज, तो दाबणाऱ्या समाजापेक्षा दुरुस्त होण्याची शक्यता अधिक. तरीही शरण जाणाऱ्या त्या नायकाचा विचार डोक्यातून जात नाही, आणि त्याचे कारण दुसऱ्या एका प्रसंगात आहे.

गणवेश उतरलेली मीरा आणि तिचा नवरा विजयला एकांतात भेटतात. त्यांना आता शिक्षा नको, सूड नको; मुलगा परत येईल की नाही एवढेच कळायला हवे. त्या वेळी अभ्यासवर्गाच्या खोलीत एकही आवाज नव्हता. मला मात्र पडद्यावर गोवा दिसेना, मूळ कथेचे केरळ दिसू लागले. १९७६ च्या मार्चमध्ये, आणीबाणीत, कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील पी. राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून कक्कयमच्या छावणीत नेले. तिथे तो छळाने मेला. त्याचे वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी मंत्र्यांचे उंबरे झिजवले, आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. त्या खटल्यापायी करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. परंतु मुलाचे प्रेत मिळाले नाही. २००६ साली वारियर वारले तोवर मिळाले नाही. शाजी करुण यांच्या ‘पिरवी’ या चित्रपटातील बाप मुलाची वाट पाहत बसतो. तो १९८९ साली कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात धक्का नाही, उकल नाही, आणि टाळी वाजवण्याजोगी जागाही नाही.

ज्या राज्यात पोलिसांनी एका बापाच्या मुलाचे प्रेत दडवले, त्याच राज्यात सदतीस वर्षांनी अशी कथा जन्मते की एक बाप पोलीस अधिकाऱ्याच्या मुलाचे प्रेत दडवतो, तेही ठाण्याखाली, आणि सगळा देश टाळ्या वाजवतो. लेखकाच्या मनात राजन होता असा माझा दावा नाही. पण वारियर यांची जागा येथे मीरा देशमुखांना मिळाली आहे, आणि विचारलेला प्रश्न तोच आहे. आमचा मुलगा कुठे आहे? वारियर यांच्या बाजूने उभे राहिलेले आपण, तो प्रश्न एका पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडी आला म्हणून त्याचे वजन कमी धरू शकत नाही. विजयने मुलीला वाचवले हे खरे. पण त्याने त्या दोघांना आयुष्यभर वाट पाहायला लावले, हेही तितकेच खरे.

वर्गात हे सांगितल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, “सर, मीसुद्धा टाळी वाजवली. आमच्या वस्तीतल्या मुलाला गेल्या वर्षी रात्री नेलं होतं. आम्ही चौघी ठाण्यात गेलो तर आम्हाला उंबऱ्यावरच थांबवलं. साळगावकर असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं होतं.” तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. अध्यक्षस्थानी असलेल्या जुन्या साथींनी तिला एवढेच विचारले, की त्या ठाण्यात कॅमेरा होता का. तिला ठाऊक नव्हते. वर्गातील कोणालाच आपापल्या ठाण्याबद्दल ठाऊक नव्हते.

दुपारच्या चहानंतर त्यातल्या अकरा जणांनी माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला घेतले: ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस जपून ठेवतात. अकरांपैकी चार अर्जांना आजवर उत्तर आले आहे. उरलेल्या सात जणांची अपिले मी तपासून दिली आहेत.