उपासनेची भाषा

आपल्या घरांतून प्रत्येक वाराला देवाचें नांव जोडलेलें आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. त्यांवर एकादशी, संकष्टी, प्रदोष हीं तिथींचीं व्रतें आणखी. घरांतील वडील माणसांस हा क्रम पाठ असतो, सुना तो चालवितात, आणि मुलें तो साबुदाण्याच्या खिचडीवरून ओळखतात. परंतु त्या त्या दिवशीं देवापुढें जें म्हटलें जातें, त्याचा अर्थ घरांतील किती जणांस लागतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. या महिन्यांत तो प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. मात्र एकदम आपल्या देवघराकडे न वळतां, प्रथम एका शेजाऱ्याचें घर पाहून येऊं.

हा शेजारी म्हणजे वसईचा मराठी कॅथॉलिक समाज. आमचें यावल सातपुड्याच्या पायथ्याशीं, वसई समुद्राच्या कांठीं; तरी दोहोंकडील बागाइतदारांस केळीचें नातें आहे. आमच्याकडील घड गाड्या भरून उत्तर हिंदुस्थानांत जातात. तिकडे आगाशी-नंदाखाल बाजूस राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवितात व त्यांस सुकेळीं म्हणतात. कॅथॉलिक व्यवस्थेंत आमचा जळगाव जिल्हा नाशिक धर्मप्रांतांत मोडतो. हा धर्मप्रांत १९८७ सालीं पुण्याच्या धर्मप्रांतांतून वेगळा झाला. भुसावळच्या रेल्वे वसाहतीमुळें चर्चची घंटाही आमच्या भागास अगदींच परकी नाहीं. परंतु गांवच्या गांव मराठी बोलणारें, बागाईत करणारें आणि पिढ्यान् पिढ्या कॅथॉलिक असलेलें, असें पाहावयाचें तर वसईसच गेलें पाहिजे.

तेथील इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं गेलीं, धर्मांतरें झालीं, आणि त्यांत सक्तीचा भागही होता. तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. तथापि दोनशें वर्षांनीं राज्य गेलें, तेव्हां ज्यांनीं तो धर्म घेतला होता ते तेथेंच राहिले, आपल्याच वाड्यांत आणि आपल्याच भाषेंत. त्यांच्यांतील कुपारी अथवा सामवेदी ख्रिस्ती समाजाची घरची बोली कादोडी. आणि गंमत अशी कीं, तेथील सामवेदी ब्राह्मणांची बोलीही तीच. देवघर वेगळें झालें, पण स्वयंपाकघरांतील भाषा एकच राहिली. आमच्या पूर्व खानदेशांत घरीं लेवा बोली व शाळेंत पुस्तकी मराठी अशी जशी जोडी आहे, तशीच त्यांच्याकडे घरीं कादोडी व चर्चमध्यें ग्रांथिक मराठी.

एका चर्चच्या कक्षेंतील सर्व कुटुंबें मिळून जो समुदाय होतो, त्यास वसईकर ‘धर्मग्राम’ म्हणतात. शब्द मोठा अन्वर्थक आहे. गांवाचें दफ्तर जसें चावडीवर, तसें धर्मग्रामाचें दफ्तर चर्चमध्यें. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी तेथें असतात. ज्याचा बाप्तिस्मा जेथें झाला, तेथील वहींत त्याच्या विवाहाचीही नोंद करण्याचा नियम आहे. ठरलेल्या विवाहाची घोषणा भरल्या चर्चमध्यें करण्याची जुनी पद्धत आहे, कोणास कांहीं हरकत ठाऊक असेल तर त्यानें वेळेवर सांगावें एवढ्यासाठीं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवाची संस्था १८३३ सालीं पॅरिसमध्यें निघाली. तिच्या शाखा जगभरच्या धर्मग्रामांतून आहेत. सभासदांनीं नियमानें एकत्र जमावें आणि गरिबांच्या घरीं स्वतः जाऊन विचारपूस करावी, दुरून पैसे पाठवून मोकळें होऊं नये, असा तिचा दंडक आहे.

आतां त्यांचा आठवडा पाहूं. घरोघरीं सायंकाळीं जपमाळ म्हणण्याची चाल आहे. आपल्या माळेस एकशें आठ मणी, त्यांच्या माळेस एकोणसाठ. दहा-दहा मण्यांचे पांच गट असतात, आणि प्रत्येक गटाबरोबर ख्रिस्ताच्या व त्याच्या मातेच्या चरित्रांतील एकेका प्रसंगाचें चिंतन करावयाचें असतें. हे प्रसंग वारांवर वांटलेले आहेत. सोमवारीं व शनिवारीं आनंदाचे, मंगळवारीं व शुक्रवारीं दुःखाचे, बुधवारीं व रविवारीं गौरवाचे. गुरुवारसाठीं प्रकाशाचे पांच प्रसंग पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००२ सालीं जोडले. म्हणजे तोंडानें जप एकच, पण मनापुढील चित्र वाराप्रमाणें बदलतें. नुसत्या नामोच्चारानें मन पळूं लागतें, हा अनुभव आपल्याकडील जपकर्त्यांसही आहे. त्यावर ही एक युक्ति आहे.

शुक्रवार हा ख्रिस्ताच्या मरणाचा वार, म्हणून तो संयमाचा. ‘राखेचा बुधवार’ या दिवशीं उपवासकाळास आरंभ होतो, तेव्हां आदल्या वर्षीं आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळीं लावतात. भस्म लावणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटणार नाहीं. त्या काळांत शुक्रवारीं ‘क्रुसाची वाट’ होते. ख्रिस्ताच्या अंतिम वाटेवरील चौदा प्रसंगांपुढें क्रमानें थांबून प्रार्थना करावयाची. ज्या संताच्या नांवें चर्च असेल, त्याच्या सणापूर्वीं नऊ दिवसांची प्रार्थना चालते. आपलें नवरात्र आठवावें.

या सर्वांचा कळस म्हणजे रविवारचा मिस्सा. शनिवारच्या सायंकाळचा मिस्साही रविवारचा म्हणून चालतो. त्याचे दोन मुख्य भाग आहेत: आधीं शब्द, मग अर्पण. पहिल्या भागांत सामान्यतः बायबलच्या जुन्या करारांतील एक उतारा, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतील एक उतारा आणि शेवटीं शुभवर्तमान, असा क्रम असतो. शुभवर्तमान धर्मगुरु वाचतात. परंतु त्याआधींचे उतारे वाचावयास गांवांतील सामान्य मनुष्य पुढें येतो. तो शेतकरी असेल, परिचारिका असेल, महाविद्यालयांत जाणारी मुलगी असेल. त्यानंतर धर्मगुरु त्या उताऱ्यांवर निरूपण करतात. दुसऱ्या भागांत बिनखमिराची गव्हाची भाकर व द्राक्षारस यांचें अर्पण व प्रसादग्रहण होतें. पुढें मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात.

आम्ही आयुष्यभर शाळेंत वेळापत्रकें केलीं, म्हणून आम्हांस सर्वांत आवडली ती या वाचनांची योजना. १९६९ सालच्या सुधारणेनें रविवारचीं वाचनें तीन वर्षांच्या चक्रांत बसविलीं. एका वर्षीं मुख्यतः मत्तयाचें शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षीं मार्काचें, तिसऱ्या वर्षीं लूकचें. योहानाचें शुभवर्तमान मोठ्या सणांच्या काळांत वांटलेलें. मग पुन्हां पहिल्यापासून. दर रविवारीं नेमानें येणाऱ्या निरक्षर म्हातारीसही तीन वर्षांत आपल्या धर्मग्रंथाचा मोठा भाग कानावरून जातो. आणि जगांतील बहुतेक कॅथॉलिक चर्चमध्यें त्या रविवारीं तोच उतारा, आपापल्या भाषेंत, वाचला जात असतो.

‘आपापल्या भाषेंत’ हे शब्द सहज लिहून गेले, पण त्यांस वय थोडें आहे. विसाव्या शतकाचीं साठ वर्षें उलटेपर्यंत वसईच्या चर्चमध्यें मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. प्रवचन लोकांच्या भाषेंत होई, भक्तिगीतें होत. पण मुख्य विधीचे मंत्र धर्मगुरु वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्यें म्हणत, आणि मागें बसलेले भाविक तोंवर आपली जपमाळ ओढीत. रोम येथें १९६२ ते १९६५ या काळांत दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली. तिनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो दस्तऐवज मंजूर केला, त्यानें लोकभाषेस वेदीवर येण्याची वाट मोकळी केली. त्याच दस्तऐवजानें लॅटिनचा मान राखावा असेंही सांगितलें आहे, हें विसरूं नये. त्यानंतरच्या वर्षांत मराठी मिस्सा सुरू झाला, मराठी प्रार्थना रचल्या गेल्या, आणि धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

खरें म्हणजे मराठीचा हा हक्क फार जुना होता. इंग्लंडमध्यें जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. त्यांत मराठीची थोरवी त्यांनीं जिव्हाळ्यानें गायिली आहे. पण पुढें १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. छापील प्रती नाहींशा झाल्या. मंगळूरकडील कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, आणि त्यांच्या आधारें १९०७ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. देवनागरींत तो यावयास १९५६ साल उजाडलें. जी भाषा राजाज्ञेनें निघत नाहीं, ती घरांतल्या वाचनानें टिकते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मराठी वेदीवर आल्यानें वसईस काय लाभलें? दर आठवड्यास शुद्ध मराठीचा तासभर पाठ सर्व गांवास मिळूं लागला. उतारा वाचणाऱ्यास तो घरीं तयार करावा लागतो, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे लागतात, कारण ऐकणारे समोर असतात. याच भूमींतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक निघाले. ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन त्यांनीं दीर्घकाळ केलें, बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्यें ते निवर्तले. या सर्वांस एकटा मिस्साच कारण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या समाजाच्या कानावर दर आठवड्यास चांगलें मराठी पडतें, त्या समाजांत लेखक निपजणें सोपें होतें, एवढें खास.

यावर आमचे संस्कृताभिमानी मित्र म्हणतील, “म्हणजे उद्यां पुरुषसूक्तही मराठींत म्हणावयाचें काय?” आम्हीं संस्कृत शिकविण्यांतच जन्म घालविला, तेव्हां या प्रश्नाचें वजन आम्हांस कळतें. मंत्राच्या नादास, छंदास, स्वरास स्वतंत्र मोल आहे. लॅटिन गेल्यानें कॅथॉलिकांचेंही कांहीं गेलेंच: वसईचा मनुष्य लिस्बनला गेला तरी त्याच्या कानावर तेच शब्द पडत, ती सोय संपली. म्हणून मंत्र टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. अर्थ टाकूं नये, इतकेंच आहे. अर्थ न जाणतां वेद पढणारा नुसता भारवाही, ही शिकवण यास्काच्या निरुक्तापासून आपल्याकडे आहे. गीतेचा अर्थ प्राकृतांत आणण्यास ज्ञानेश्वरांनीं १२९० सालींच आरंभ केला. आपणांस हें बाहेरून शिकावें लागत नाहीं. आठवावें मात्र लागतें.

आणि एक गोष्ट आपल्या घरांतीलच पाहा. पुरुषांची संध्या संस्कृतांत होती, बायकांच्या कहाण्या, आरत्या, ओव्या मराठींत होत्या. आज किती घरांत संध्या उरली आहे? उलट श्रावणांतली शुक्रवारची कहाणी अजून पुष्कळ घरांत वाचली जाते, आणि ऐकणाऱ्या नातवंडास पुढें काय झालें तें विचारावेंसें वाटतें. जें कळतें त्यास विचारणारें मूल मिळतें, आणि जें कळत नाहीं तें भटजींवर सोंपवून आपण मोकळे होतों.

वसईची कथाही येथें सुखांत संपत नाहीं. तेथील मुलें आतां इंग्रजी शाळांत जातात, नवी वस्ती वाढली आहे, आणि मराठी मिस्साबरोबर इंग्रजी मिस्साही होऊं लागला आहे. ज्या न्यायानें लॅटिन सरून मराठी आली, त्याच न्यायानें उद्यां मराठी सरेल कीं काय, अशी चिंता तेथील विचारी लोकांस वाटावी हें साहजिक आहे. ती आपलीही चिंता आहे. आपलीं नातवंडें संस्कृत तर जाणत नाहींतच. पण कहाणींतलें मराठीही त्यांस अडूं लागलें आहे. त्यांच्यासाठीं देवघराची भाषा कोणती राहणार?

यावर आमची सूचना साधी आहे. घरानें एक वार व एक वेळ ठरवावी. गुरुवारची दिवेलागणी पुष्कळांस सोईची होईल. पंधरा मिनिटें पुरेत. जें आपण नित्य म्हणतों, त्यांतील थोडेंच घ्यावें: एखादा श्लोक, आरतीचें एक कडवें, अथर्वशीर्षांतील एक वाक्य. मूळ मोठ्यानें म्हणावें, मग त्याचा अर्थ मराठींत वाचावा. वाचणारा दर वेळीं निराळा असावा. धाकट्या सुनेसही पाळी यावी आणि सातवींतल्या मुलासही. आजोबांनीं ऐकावयास बसावें आणि चुकलें तरच बोलावें. कोणत्या आठवड्यास काय, याची तीन वर्षांची यादी आधींच करून देवघराच्या दारामागें चिकटवावी. यादी करतांना कोणास अडचण आल्यास मासिकाच्या पत्त्यावर लिहावें. वर्षभराचा एक नमुना आम्ही आनंदानें तयार करून पाठवूं.