मोडीतले कागद मोडीत

दिवाळी जवळ आली की आमच्या बसवकल्याणात घराघरांतले माळे रिकामे होतात. घंगाळ, समई, हंडे अंगणात येतात. चिंच आणि राख निघते. अलीकडे त्यात एक नवी टूम शिरली आहे. मुले पुण्या-हैदराबादेत फ्लॅट घेतात आणि फोनवरून बजावतात, "आजीचे घंगाळ टाकू नका, पॉलिश करून हॉलमध्ये ठेवू." मग घंगाळ आरशासारखे चकाकते, त्यात प्लास्टिकची फुले खोचली जातात, आणि याला म्हणायचे वारसा!

या टुमेवर माझा राग आहे, कारण मीही तिला बळी पडलो आहे. आजीचे बिदरी पानदान मी हौसेने चिंच लावून घासले. बघता बघता काळेभोर अंग राखाडी झाले आणि चांदीची वेल दिसेनाशी झाली. एम. ए. झालेल्या माणसाला एवढे कळू नये! बिदरी म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेला धातू. त्याचा काळा रंग हा मळ नव्हे. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात तो मुद्दाम चढवतात. धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ मध्ये बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, आणि मी शेजारच्या गावात बसून चिंच चोळत होतो. सुदैवाने बिदरच्या एका कारागिराने ते पुन्हा काळे करून दिले. झाकणावरची झिजलेली चांदी नवी भरू का, असे त्याने विचारले. आजीचा अंगठा पडून पडून झिजलेली जागा ती. मी नको म्हटले.

पण खरा गुन्हा त्या घासण्याच्याच दिवशी घडला. आजोबांच्या पेटीत रुमालांत बांधलेले कागद होते. धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, हे कुणाला वाचता येतंय? रद्दीत देऊ?" मान वर न करता मी "दे" म्हणालो. मोडीतले कागद मोडीत निघाले आणि मुख्याध्यापक पानदान घासत बसले!

दुसऱ्या दिवशी धावलो. एक रुमाल मिळाला. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध शिक्षकांकडून वाचून घेतला, तर त्यात आत्याच्या लग्नाचा खर्च. जोंधळे, गूळ, वाजंत्री, आणि शेवटी उसनवारी : एक लिंगायत वाणी, एक मुसलमान विणकर. आजोबांनी हे लग्न एकट्याच्या हिमतीवर केले, असे आम्ही पन्नास वर्षे सांगत आलो होतो.

आपल्या भागात ही हानी दुप्पट आहे. १९४८ पर्यंत निजामी कारभार उर्दूत, १९५६ नंतर सरकारी कागद कानडीत, घरचा हिशेब मोडीत, आईची पत्रे बाळबोधात. एका पेटीत चार लिप्या, आणि नातवंडे इंग्रजी शाळेत. असल्याच कागदांसाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण फिरले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. परक्यांच्या माळ्यांसाठी त्यांनी जन्म घालवला. आपल्याला स्वतःच्या माळ्यावर चढायचे तर गुडघे दुखतात.

"सर, एवढं सगळं ठेवायला जागा कुठे आहे?" सगळे ठेवा असे कोण म्हणतो? तळ गेलेला हंडा खुशाल मोडीला द्या. फक्त त्याच्यावर घातलेले नाव आधी वहीत उतरवा. ज्या पातेल्यात पुन्हा काही शिजणार असेल त्यालाच कल्हई लावा. पण पॉलिशवाल्याला हाक मारण्याआधी पेटी उघडा. कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सुती कापडात सपाट ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, वाचणारा शोधा. पॉलिशइतकाही खर्च येत नाही. फक्त ते हॉलमध्ये चकाकत नाही, एवढाच त्याचा दोष.

जुन्या अक्षरांचे कागद आले तर शाळेत आणून दे, दुप्पट भाव देईन, असे मी रद्दीवाल्याला सांगून ठेवले आहे. दोन वर्षांत त्याने एकदाच आणले. आमच्या समोरच्याच घरातले निघाले. परत द्यायला गेलो, तर यजमान दारात उभे राहून समईच्या पॉलिशचा भाव करत होते.