आकड्यासोबत कैफियतही हवी

मोटारीच्या अश्वशक्तीचा आकडा आज इतक्या सहजतेने सांगितला जातो, की तो कोठे, कशावर आणि कोणत्या हवेत मोजला, याची विचारपूस करणे बहुतेकांस अनावश्यक वाटते. वस्तुतः ही कैफियत ज्या आकड्यामागे नाही, तो पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डायनामोमीटरवर मोटार चढवून ती पट्ट्यांनी जखडतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चाकांखालचा जड रोलर फिरवितात. तो किती त्वरेने वेग घेतो, यावरून चाकांपाशी पोहोचलेली शक्ती गणिताने निघते. कंपनीच्या पत्रकातला आकडा मात्र इंजिनाचा असतो, आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल व टायर यांत काही शक्ती वाटेतच खर्ची पडत असल्यामुळे रोलरवरचा आकडा कमी येणे स्वाभाविकच आहे. त्यात मेट्रिक अश्वशक्ती सुमारे ७३५.५ वॅटची आणि ब्रिटिश ७४६ वॅटची. म्हणजे मोटारीला हातही न लावता, केवळ एकक बदलून, १०० चे १०१.४ होतात.

हवेचा हिशेब याहून नाजूक. मे महिन्यात अलिबाग-मुरुडच्या उष्ण, दमट हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तपमान, वायुभार व आर्द्रता नोंदवून आकडा प्रमाणित स्थितीला आणण्याची प्रथा आहे. परंतु तपमान खऱ्याहून अधिक नोंदविले, की हीच दुरुस्ती आकडा फुगविते.

मापनाची शिस्त कशी असावी, याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर नेण्याचे घाटू लागले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने तेथील कुलाबा वेधशाळेच्या भूचुंबकीय नोंदी दूषित होतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत या नोंदींचे काम अलिबागेस हलविण्यात आले. आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन, त्यांचा परस्परांशी ताळा पाहून, मगच कुलाब्याचे मापन बंद झाले. परिस्थिती बदलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना आपोआप खरी ठरत नाही, हे त्या मंडळींनी गृहीतच धरले होते.

ट्यूनिंगसाठी मुंबई-पुण्यास मोटार नेणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील तरुणांनी एवढीच सावधगिरी बाळगावी: कामाआधीचे व नंतरचे मापन त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि टायरमधील हवा तेवढीच ठेवून, निदान तीन-तीन वेळा करवून घ्यावे, आणि दुरुस्तीच्या तपशिलासह दोन्ही छापील आलेख हाती पडल्याखेरीज गॅरेजवाल्याचे बिल चुकते करू नये.