परक्यांसाठी राखलेली अक्षरे

जपानी भाषा एकाच वाक्यात तीन लिप्या वापरते: चिनी चित्राक्षरांची कांजी, वळणदार हिरागाना आणि टोकदार काताकाना. यांपैकी काताकाना नवव्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्खूंच्या हातून घडली. चिनी सूत्रग्रंथांच्या ओळींमध्ये उच्चार टिपण्यासाठी त्यांनी चिनी अक्षरांचे तुकडे उचलले. तिचा क्रम आजही अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. धम्मासोबत तेथे पोहोचलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून आलेली ही आपलीच वर्णमाला होय.

आज मात्र या लिपीचे मुख्य काम परके शब्द वेगळे दाखवणे हे आहे. पोर्तुगीजांकडून आलेला ‘पान’ हा शब्द चार शतकांनंतरही बहुधा काताकानातच लिहितात. (त्याच मुळाचा आपला ‘पाव’ मराठीत केव्हाच घरचा झाला.) माणसांचेही तेच. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये हे जपानी स्थलांतरितांच्या कुटुंबातले. अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडले होते, त्याच युद्धात १९४५ साली इटलीत अमेरिकेसाठी लढताना त्यांनी उजवा हात गमावला. त्यांच्या आडनावाला कांजी अक्षरे आहेत. तरी जपानी वृत्तपत्रे ते काताकानातच छापत. माणूस बोलण्याआधीच त्याचे नाव त्याची जागा ठरवते, हा अनुभव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तरीही ही खूण प्रत्येक वेळी अपमानाचीच असते, असे मी मानत नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा यामागिवा मोतोओ यांनी जपानी अनुवाद केला. त्याच्या शीर्षकात ‘बुद्ध’ आणि ‘धम्म’ हे दोन्ही शब्द काताकानात आहेत. दोहोंसाठी कांजी अक्षरे होती. परंतु बुद्धाचे ते अक्षर ‘होतोके’ असेही वाचले जाते आणि बोलीत ‘होतोके’ म्हणजे मृत व्यक्तीसुद्धा. शतकानुशतकांच्या अंत्यविधींचे ओझे त्या अक्षरावर आहे. काताकानाने ते उतरवले. समोर आला तो इतिहासातला, चालता-बोलता बुद्ध.

बाबासाहेबांनीही ‘धर्म’ हा रुळलेला शब्द सोडून पाली ‘धम्म’ घेतला आणि धम्म म्हणजे रिलिजन नव्हे, हे ग्रंथात स्वतंत्रपणे मांडले. म्हणून येथील मुलांच्या वर्गांत ‘धम्म’चे ‘रिलिजन’ असे सोपे भाषांतर करू नये. मूल त्या शब्दापाशी अडखळेल आणि अर्थ विचारेल. उत्तराची तयारी आपण करून ठेवावी.