चिकटवलेले पंख

गेल्या भाद्रपदात आमच्या गच्चीवर एक मेलेला चतुर सापडला. सातवीत शिकणाऱ्या आमच्या नातीने तो आलेख-कागदावर ठेवला आणि भिंगातून पाहत दोन संध्याकाळी खर्चून त्याचे पंख रेखाटले. विज्ञानाची वही परत आली ती ‘चित्र अस्वच्छ, छापील चिकटवावे’ या शेऱ्यानिशी. तिने छापील चित्र चिकटवले, पूर्ण गुण मिळवले आणि पेन्सिल ठेवून दिली. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हा रोग एका शाळेचा नाही आणि पालक म्हणून आपणही त्यातून मुक्त नाही.

त्या छापील चित्रात चारही पंख एकाच मापाचे, पाकळ्यांसारखे होते आणि तेही उदरातून फुटलेले! नातीच्या ‘अस्वच्छ’ चित्रात ते छातीतून निघाले होते. मागचा पंख बुडाशी रुंद होता, पुढच्या कडेच्या मध्याजवळ शिरांची गाठ होती, टोकाजवळ गडद ठिपका होता. खोडाखोडीने कागद मळला होता, हे खरे. प्रथम तिनेही चारही पंख सारखेच काढले होते. समोरच्या चतुराने चूक दाखवली म्हणून ते तिने पुसले. या पुसण्यालाच आम्ही शिक्षण समजतो.

कोणी म्हणेल, भ्रमणध्वनीवर क्षणात छायाचित्र निघते, मग हा खटाटोप कशाला? छायाचित्राचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु ते न पाहताही काढता येते. रेघ ओढणाऱ्यास मात्र ही शीर कोठे दुभंगते, याचा निर्णय करावाच लागतो. माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या मुठी असतात. मधमाशीला पंख चार. पण मागचे पुढच्यांना सूक्ष्म आकड्यांनी अडकतात, म्हणून दोनच भासतात. ज्याने हे दोन्ही हाताने काढले, तो ते जन्मभर विसरणार नाही.

आमचे आयुष्य राज्याच्या कृषी खात्यात गेले. फळमाशीची जात ठरविताना पंखाच्या पुढच्या कडेची काळसर पट्टी कोठवर जाते, हे पाहावे लागे. पदवी घेऊन आलेले कित्येक तरुण तेथे अडखळत. कारण त्यांनी पंख पाठ केला होता, पाहिला नव्हता.

‘आमच्या मुलाचा हात चांगला नाही’ ही दुसरी सबब. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ जॉन कॉमस्टॉक यांनी जेम्स नीडहॅम यांच्यासह १८९८-९९ मध्ये कीटकांच्या पंखांतील शिरांना एकसूत्री नावे दिली. त्यांच्या पत्नी ॲना यांनी पतीच्या ग्रंथांसाठी विवाहानंतर लाकडावरील कोरीवकाम शिकून घेतले आणि १८९५ च्या कीटकशास्त्राच्या ग्रंथात त्यांची चित्रे आली. हात असा कामातून घडतो.

ज्या इंदुरात देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा उभी केली, जेथे बेंद्रे आणि हुसेन शिकले, त्या इंदुरातील आपण मराठी मंडळी सभासमारंभांत त्यांची नावे अभिमानाने घेतो. आणि घरी मुलाच्या चित्रकलेच्या तासाला गणिताची शिकवणी लावतो. या विसंगतीची आपणास लाज वाटावयास हवी.

वाचकांस विनंती इतकीच. पावसाळ्याअखेर दिव्याखाली कितीतरी कीटक मरून पडतात. जिवंतास त्रास देण्याचे कारण नाही. नातवंडास एक भिंग, आलेख-कागद आणि टोकदार पेन्सिल द्यावी. आधी पंखाची लांबी-रुंदी मोजावी, मग बाह्यरेषा, मग जाड शिरा, शेवटी बारीक जाळी. आपल्यापैकी जे शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी पुढील बैठकीत एवढे मांडावे: नमुना समोर ठेवून काढलेल्या मळक्या चित्रास पूर्ण गुण मिळावेत आणि चिकटवलेल्यास एकही नाही.