कुलूप बेकसूर आहे

अब्बांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या बिल्डिंगखाली उभी असते. गेल्या पावसाळ्यानंतर तिचे ड्रायव्हरच्या बाजूचे दार उचलून धरल्याशिवाय लागेना. कल्याणातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने खांबावरची लॉकची पट्टी थोडी खाली सरकवली, दार लागले, पैसे घेतले. दोन महिन्यांत पुन्हा तेच, आणि खालच्या कडेचा रंगही खरवडून निघाला.

शेवटी मुंब्र्याच्या एका उस्तादांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, सगळी हयात फियाटमध्ये गेलेली. त्यांनी लॉककडे पाहिलेच नाही. दार अर्धे उघडून हँडलकडचे टोक वर-खाली हलवले आणि कान बिजागरीपाशी नेला. म्हणाले, "सर, ताला बेकसूर है. कब्ज़ा गया है."

उर्दूत बिजागरीलाही कब्ज़ा म्हणतात. मराठीत कब्जा म्हटला की आपल्याला एकदम जमिनीची भांडणे आठवतात. दोन्ही भाषा शिकवूनही त्या क्षणी मी गोंधळलोच.

एवढे जड दार दोन बिजागऱ्यांवर लटकलेले असते. वरच्या बिजागरीला सतत बाहेर ओढ बसते, म्हणून बहुतेकदा तीच आधी झिजते. ग्रीस नसले की पिन बारीक होते आणि तिचे गोल भोक लांबट होते. तिथली केसभर फट दाराच्या दुसऱ्या टोकाला बोटाएवढी दिसते. लॉकची पट्टी सरकवली की दार लागते खरे, पण त्याचा भार लॉकवर येतो आणि लॉकही झिजते.

पण दार हलवताना पिन खुळखुळते की बिजागरी खांबासकट हलते, हे आधी पाहायचे. खांब हलत असेल तर आतला पत्रा गंजलेला असतो. आपल्याकडच्या पावसात ते नवल नाही, आणि मग नवी पिन घालून काही होत नाही, आधी पत्राकाम.

आमचा खांब शाबूत होता. उस्तादांनी दाराखाली जॅक, त्यावर लाकूड आणि गोणपाट ठेवले. बिजागरीभोवती टोच्याने रेघ मारली, म्हणजे ती परत त्याच जागी बसेल. पिन ठोकून काढली. लेथवाल्याकडे भोक मोठे करून गोल केले, त्यात पितळी बुश दाबून बसवला आणि त्याच्या मापाची नवी पोलादी पिन करून घेतली. लॉकची पट्टी सगळ्यात शेवटी, मूळ जागेवर. अख्खा दिवस गेला. आता दार दोन बोटांनी लागते.

पद्मिनी कुर्ल्यात बनायची. प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्याच कल्याण-शीळ रस्त्यावर होता. तिथे नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनली. आज तिथे कारखाना नाही, नाव तेवढे राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गाडीवर हळवे लेख लिहिले. ती चालती ठेवणाऱ्या हातांचे काय झाले, हे मात्र मला फारसे वाचायला मिळाले नाही.

ते हात बरेचसे आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. मुसलमान मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले. पण आपण स्वतः काय करतो? दहावी-बारावीचे निकाल लागले की हॉल घेऊन गुणगौरव करतो. डॉक्टर, इंजिनिअर, यूपीएससी, सगळ्यांना शाल. एखाद्या मिस्त्रीला मंचावर बोलावलेले मी तरी पाहिले नाही. आणि मीच कितीदा वर्गात म्हणालो आहे, "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात जाशील." समोरच्या दोन-तीन मुलांचे वडील गॅरेजातच होते. ती मुले खाली बघायची. आज ते आठवले की लाज वाटते.

कोणी म्हणेल, मुलांना ग्रीसमध्येच ठेवायचे का? नाही. बालमजुरीचा मी कट्टर विरोधक आहे, दहावी झालीच पाहिजे. पण त्यानंतर आयटीआयला जाणाऱ्या मुलाला आपण हरलेला का समजतो? अनुभवाने शिकलेल्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाची सोय आहे, आधीच असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची. उस्तादांना मी तिच्याबद्दल सांगितले तर ते हसले. "अब कौन देखेगा काग़ज़?" त्यांचा मुलगा पार्सल पोचवतो. लेथवाल्याचाही.

येत्या महिन्यात त्यांना नववीच्या वर्गावर बोलावतोय. मुख्याध्यापकांनी विचारले, कोणत्या विषयाच्या तासाला? मी विज्ञानाचा तास मागितला आहे. जुनी पिन आणि ते लांबट भोक पडलेला बिजागरीचा तुकडा टेबलाच्या खणात ठेवला आहे.